चोवीस तासांत पुसली जाणारी नोंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या बंदूक कायद्यांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. बंदूक विकण्याआधी खरेदीदार ती बाळगायला अपात्र तर नाही ना, याची पूर्वतपासणी कशी होते ते त्यात नीट सांगितले आहे. तपासणीनंतर त्या नोंदीचे काय होते, एवढेच राहून गेले. मी ३१ वर्षे महसूल खात्यात काढली, शेवटची ११ अभिलेखापाल म्हणून. कोणता कागद किती दिवस ठेवायचा आणि केव्हा नष्ट करायचा, हेच माझे रोजचे काम होते, म्हणून त्या राहिलेल्या भागाबद्दल लिहितो आहे.

गेल्या वर्षी मुलीकडे ओहायोला गेलो होतो. जावयांबरोबर मासेमारीचा गळ घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो, तर शेजारच्या काउंटरवर एक तरुण फॉर्म भरत उभा होता. विक्रेत्याने त्याचे ओळखपत्र पाहिले, संगणकावर माहिती भरली आणि थांबला. आमचे पैसे देऊन होईपर्यंत त्या तरुणाची बंदूक खोक्यात भरूनही झाली होती. सवयीने मी जावयांकरवी विचारले, या कागदाचे पुढे काय? विक्रेता म्हणाला, फॉर्म आमच्या कपाटात राहतो, सरकारकडची नोंद मात्र उद्यापर्यंत पुसली जाईल. माझ्या ऐकण्यात चूक झाली असे मला वाटले. घरी येऊन मुलीच्या मदतीने वाचत गेलो, तेव्हा कळले की तो अगदी बरोबर बोलला होता.

१९९३ च्या ब्रेडी कायद्यानुसार ही तपासणी होते आणि नोव्हेंबर १९९८ पासून 'एफबीआय' या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेची संगणकीय यंत्रणा ती करते. ज्याला नकार मिळाला त्याची नोंद राहते. ज्याला मंजुरी मिळाली त्याचे नाव-गाव मात्र काढून टाकतात, मागे उरतो फक्त व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख. मंजुरीची नोंद ठेवण्याची मुदत सुरुवातीला १८० दिवसांची होती. 'नॅशनल रायफल असोसिएशन' या बंदूकमालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले, पण २००० साली अपील न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. २००१ मध्ये मुदत ९० दिवसांवर आली. २००४ साली खर्चाच्या विधेयकाला जोडलेल्या एका तरतुदीने ती थेट २४ तासांवर आणली, आणि आजही तीच चालू आहे.

दप्तरात काम केलेल्या माणसाला यातली अडचण लगेच कळते, कारण चूक कधीच त्या दिवशी सापडत नाही. आमच्या शस्त्र परवाना शाखेतली एक गोष्ट सांगतो. एका अर्जदाराचा पोलिसांचा अहवाल स्वच्छ आला, परवाना मंजूर झाला, त्याने बंदूक घेतली. अडीच महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातून पत्र आले की या इसमावर तिथे मारहाणीचा गुन्हा दाखल आहे. लिपिकाने नोंदवही उघडली, बोट फिरवत त्या ओळीवर आला, आणि तासाभरात संचिका साहेबांच्या टेबलावर होती. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली परवाना निलंबित झाला आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. ती ओळ वहीत नसती, तर ते पत्र आम्ही कशाला जोडले असते?

अमेरिकेत हेच आकड्यांत सिद्ध झाले आहे. ९० दिवसांच्या मुदतीच्या पहिल्या सहा महिन्यांत 'एफबीआय'ने जपलेल्या नोंदी पुन्हा तपासून, अपात्र माणसाच्या हाती गेलेली बंदूक परत घेण्याची २३५ प्रकरणे सुरू केली. संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने जुलै २००२ च्या अहवालात स्पष्ट लिहिले की नोंदी दुसऱ्याच दिवशी नष्ट झाल्या असत्या तर यातली २२८ प्रकरणे सुरूच होऊ शकली नसती. शंभरातली ९७! हा अहवाल समोर असताना दोन वर्षांनी २४ तासांची तरतूद झाली, याचे मला फार वाईट वाटते.

टेक्ससमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये २६ बळी गेले. मारेकऱ्याला लष्करी न्यायालयाने घरातल्या माणसांना मारहाण केल्याबद्दल शिक्षा दिली होती, पण हवाई दलाने ती 'एफबीआय'ला कळवलीच नव्हती, त्यामुळे तो तपासणीतून सहज पार झाला. अशी राहिलेली नोंद उद्या पोचली, तर मधल्या काळात त्या माणसाने बंदूक घेतली का, हे कशात बघायचे? सरकारकडची मंजुरीची नोंद तर केव्हाच गेलेली असते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही मी समजून घेतले. बंदूकमालकांची मध्यवर्ती यादी करायला तिथे १९८६ च्या कायद्याने बंदी आहे. आज यादी केली तर उद्या घरोघरी येऊन बंदुका काढून नेतील, ही भीती त्यामागे आहे. ती भीती मी उडवून लावणार नाही. २०१२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कजवळच्या दोन काउंट्यांतल्या (म्हणजे जिल्ह्यांतल्या) पिस्तूल परवानाधारकांची नावे आणि घरे एका वृत्तपत्राने नकाशावर छापली, तेव्हा सज्जन माणसांनाही धास्ती बसली. आपल्याकडे परवाना आधी आणि खरेदी नंतर, त्यामुळे निवडणूक आली की आमच्या शाखेतून परवानाधारकांची यादी निघे आणि शस्त्रे जमा करून घेतली जात. ती यादी कुणाच्या हाती पडू नये म्हणून आम्ही ती कपाटात कुलपाखाली ठेवत असू. नावांची यादी सांभाळणे जोखमीचेच आहे.

पण म्हणून मंजुरीची नोंद दुसऱ्याच दिवशी नष्ट करायची? आमच्याकडे अभिलेखाचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' कायम ठेवायचा, 'ब' ३० वर्षे, 'ड' एक वर्ष. मुदत संपलेले कागद काढण्याला आम्ही निंदणीकरण म्हणतो, शेतातल्या निंदणीवरून आलेला शब्द आहे तो. त्याची आधी यादी होते, अधिकाऱ्याची मान्यता लागते, मगच गठ्ठा कापायला जातो. आणि सगळ्यात खालच्या वर्गालाही वर्ष मिळते, कारण वर्षभरात तक्रार, अपील, पत्र काहीही येऊ शकते. बंदूक मिळालेल्या माणसाच्या तपासणीला एक दिवस, हे माझ्या मनाला पटतच नाही.

दुकानातला फॉर्म तर राहतोच ना, असे कोणी म्हणेल. राहतो, आणि २०२२ पासून तो दुकानदाराने धंदा चालू असेपर्यंत जपायचा आहे. दुकान बंद पडले की ही कागदपत्रे वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या सरकारी केंद्रात जातात, आणि कायद्याच्या बंदीमुळे तिथे मालकाच्या नावाने शोधता येत नाही. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीच्या क्रमांकावरून, कारखान्यापासून दुकानापर्यंत मागोवा घेत जावे लागते. म्हणजे बंदूक गुन्ह्यात वापरली गेल्यावर हा कागद उपयोगी पडतो. अपात्र माणसाकडून ती आधीच काढून घ्यायला नाव लागते.

माझी मुलगी आता तिथली नागरिक आहे, मत देते. तिने आपल्या काँग्रेस सदस्याला पत्र लिहावे म्हणून मी मसुदा करून पाठवला आहे. मंजूर व्यवहाराची नोंद १८० दिवस ठेवा, ती पाहण्याचा अधिकार फक्त चूक शोधणाऱ्यांना द्या, कोणी केव्हा पाहिली याची नोंद ठेवा, आणि १८१ व्या दिवशी ती खरोखर नष्ट करा, एवढेच त्यात मागितले आहे. आपल्या वृत्तपत्राचे अनेक वाचक तिकडे आहेत. त्यांच्यापैकी कोणाला हा मसुदा हवा असेल तर आपल्या कार्यालयाकडे तो पाठवायला मी तयार आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त अभिलेखापाल
जि. सातारा