बाबा, कोहिमाला मी एकटीच जातेय

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही गप्प झाला असता आणि मी लगेच ‘बरं, चला’ म्हटलं असतं. म्हणून लिहितेय. कोहिमाला, युद्धात गेलेल्या आपल्या अण्णांचं नाव बघायला, तिकीट काढलंय, एकटीचंच. नागालँडचा परवानाही आलाय.

रागावू नका. दिमापूरपासून वर सगळा घाट आहे. तेही जमवलं असतं. पण कोहिमाची ती दुसऱ्या महायुद्धातली स्मशानभूमी डोंगरउतारावर टप्प्याटप्प्यांनी चढत जाते. कबरी खालच्या अंगाला, आणि दहन झालेल्या हिंदू-शीख जवानांची 917 नावं सगळ्यात वर. तुमचा गुडघा ओट्याच्या पायऱ्यांनाही कुरकुरतो.

खरं तर गुडघा हे निम्मंच कारण. त्या नावांतलं अण्णांचं नाव म्हणजे तुमचंच नाव, आडनावासकट. आईला ते तिथे वाचणं सोसणार नाही.

कोहिमाची लढाई 1944 च्या जूनमध्ये संपली, 22 तारखेला इंफाळचा रस्ता खुला झाला. पुस्तकं तिथेच थांबतात. पण रसद त्याच रस्त्याने जायची होती, भर पावसात, आणि बैल सोडून मोटर शिकलेले आपले अण्णा त्या पावसात गेले. अण्णांच्या मागे राहिलेली मोठी आई मनीऑर्डरच्या दिवशी चूल का पेटवायची नाही, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही मला ट्रॅक्टरवर पुढ्यात बसवून ‘ड्रायव्हरसाहेब, काढा गाडी’ म्हणायचात, तेव्हा ती घरात का निघून जायची, तेही.

साऱ्या मुलखाच्या अस्थी नाशिकला रामकुंडावर येतात. पिंपळगावहून तासाभराची वाट, आणि आपल्या अण्णांच्याच आल्या नाहीत. आजोबांच्या दहाव्याला तुम्ही हे एकदाच बोललात. तेव्हापासून मला जायचं होतं.

वर पोहोचले की व्हिडिओ कॉल लावीन. नाव बघायचं नसेल तर सांगा, फोन डोंगराकडे धरीन.

धाकटी आत्या राहायला येतेय, शेंगदाण्याची चटणी घेऊनच. इन्व्हर्टरची बॅटरी बदललीय. थिनिंगच्या, म्हणजे विरळणीच्या बायका आल्या तरी बागेत दिवसभर उभं राहायचं नाही, फवारणी असेल तेव्हा तर फिरकायचंही नाही. आई, स्वेटर एकच दे गं. आणि पेटीतलं पदक माझ्याबरोबर देऊ नका, प्रवासात हरवलं तर काय करू? बाबा, गुडघ्याची गोळी जेवणानंतर. आधी नाही.

तुमची,
बेबी