ब्रह्मचर्याचे तेज आणि पोपटलालची छत्री

मा. संपादक,

स. न. वि. वि.

लग्न न जमलेला पुरुष टीव्हीवर आला की घरातले हसायच्या तयारीनेच बसतात. 2008 साली सुरू झालेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मधला छत्रीवाला पत्रकार पोपटलाल सर्वांच्या ओळखीचा. स्थळ येते, बोलणी होतात, काहीतरी फिसकटते, हशा. वर्षानुवर्षे तेच. श्याम पाठक काम चोख करतात, तक्रार त्यांच्याविषयी नाही. पण मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. एखाद्याच्या थोरल्या भावाचे लग्न रखडले की पोरे त्याला ‘पोपटलाल’ म्हणतात आणि धाकटा मान खाली घालतो, हे मी पाहते.

याच टीव्हीवर आम्ही दारासिंगांचा हनुमान आणि 1988 च्या ‘महाभारता’तले मुकेश खन्नांचे भीष्म पाहिले. दोघेही ब्रह्मचारी, आणि त्यांच्या पुरुषार्थावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. म्हणजे ब्रह्मचर्य स्वतः पत्करले तर तेज, वाट्याला आले तर विनोद! या दोहोंच्या मधला साधा मुलगा, नोकरी शोधणारा, लाजरा, किंवा नुसताच घाई नसलेला, मालिकांत सापडत नाही. सापडलाच तर मधुचंद्राच्या रात्री घाम पुसणारा नवरदेव म्हणून, आणि दाराबाहेर खिदळणारे मित्र असतातच. ‘याला अजून काही माहीत नाही’ हे कुणी उघड म्हणत नाही. ते काम पार्श्वसंगीत करते.

जाहिरातींचे तर विचारूच नका. फवारा मारला की मुली धावत येतात! 2011 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने डिओडरंटच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला, तो त्यातल्या बायकांच्या चित्रणावरून. आक्षेप रास्तच होता. पण ज्याच्यामागे कुणीच धावत येत नाही त्या सतरा वर्षांच्या पोराला ती जाहिरात काय सांगते, हे कुणाला विचारावेसे वाटले नाही. 2017 च्या डिसेंबरात त्याच मंत्रालयाने कंडोमच्या जाहिराती सकाळी सहा ते रात्री दहा दाखवू नका, असे वाहिन्यांना कळवले. पुढे ते भडक जाहिरातींपुरतेच असल्याचा खुलासा झाला. माहितीला वेळेचे बंधन. मर्दानगीवरच्या कोट्या मात्र जेवणाच्या वेळेला चालतात.

आमच्या जिल्ह्यात हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडक राबवा, ही त्यांची मागणी होती. टीव्हीवर मी घोडे आणि वाजंत्रीच जास्त पाहिली. मुली गर्भातच मारल्या गेल्या, शेती करणाऱ्याला कुणी मुलगी देईना, आणि ज्यांची लग्ने त्यापायी अडली ते पस्तिशीतले पुरुष आता गावच्या जेवणावळीत पंगतीच्या टोकाला बसतात, कुणी विचारू नये म्हणून. त्यांच्यावर मालिका काढायची तर लेखकाला मेहनत पडेल, हे मान्य.

आपल्या वृत्तपत्रात मालिकांवर दर आठवड्याला लिहून येते. कुणाची एक्झिट, कुणाची एंट्री, टीआरपी किती. त्याच जागेत एकदा या चित्रणाविषयीही लिहून यावे, आणि ते लिहिण्याआधी मोर्चात गेलेल्यांपैकी दोघाचौघांशी बोलावे, एवढी विनंती.

आपली,
एक शिक्षिका, पंढरपूर