गायतोंडेंचा भाव छापलात, थर राहिले

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमूर्त चित्रे काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्राची बातमी होती. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि कोटींचा आकडा बोटभर जाड! २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे चित्र २३ कोटींच्या वर गेले, तेव्हाही सगळीकडे आकडाच गाजला होता.

माझे म्हापशात तसबिरी मढवण्याचे दुकान आहे. चवथीआधी गणपती-लक्ष्मीतून मान वर काढायला फुरसत नसते. गायतोंडेंचे चित्र मी मुंबईत एकदाच पाहिले. समोरून नुसता पिवळा रंग. सवयीने कडेला जाऊन तिरपे बघितले, तर खाली एक रंग, त्यावर दुसरा, मध्येच उकलल्यासारखे खळगे. गायतोंडे रंग रोलरने फिरवत, सुरीने खरवडत आणि ओल्या रंगावर कागदाचे कपटे दाबून उचलत. तेही वर्तमानपत्राचे, म्हणजे तुमच्या धंद्यातलेच! हे एका ओळीत छापता आले असते.

कपटा उचलल्यावर काय उरते, ते मला माझ्याच चुकीने कळले. पूर्वी एका चित्रकाराने शाईची चित्रे फ्रेमला दिली. एकावर एक पुसट हात, सगळे कागदावर. माउंटचे, म्हणजे काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवणाऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे पैसे वाचतील म्हणून मी काच थेट कागदावर टेकवली. पावसाळ्यात भिंत पाझरली, काचेला आतून घाम आला. उघडायला गेलो तर वरचा थर काचेबरोबर निघून आला. भला माणूस, मला काही बोलला नाही; चित्र मात्र गेले ते गेलेच. तेव्हापासून कागदावरचे चित्र आले की जाड माउंट घालतो, काच कागदाला लागू देत नाही आणि गिऱ्हाइकाला पाणी पाझरणारी भिंत सोडायला सांगतो.

गायतोंडेंनीही १९८४च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास बाजूला ठेवून कागदावर शाईची छोटी चित्रे केली. त्यांचा तर उल्लेखही नव्हता.

पुढच्या वेळी एक फोटो बाजूने उजेड टाकून काढलेला छापा. जागा हवी असेल तर आकडा थोडा बारीक करा.

– एक फ्रेमवाला, म्हापसा