थेंबही न गळणारी गळती

सोलापूर,
२० डिसेंबर

प्रिय बंड्या,

काय बे, परवा फोनवर म्हणालास, "सकाळी गाडी सुरूच होत नाही, बॅटरी बदलून बघतो." थांब जरा. आधी हे पत्र वाच, मग काय तो खर्च कर. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि संध्याकाळपर्यंत विसरतोस, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या आठवड्यात माझीही तीच गत झाली. मार्केट यार्डात रात्री कांदा भरून गाडी लावली होती. पहाटे हैदराबादकडे निघायचं, तर सेल्फ गर्रगर्र फिरतोय आणि गाडी ढिम्म. मी येड्यासारखा सेल्फ मारत राहिलो, तासाभरात बॅटरीही बसली. एकाला बोलावलं, त्यानं बॉनेटमध्ये डोकावून लगेच निकाल दिला : नोजलना डिझेल देणारा मोठा पंप उतरवा, वीस हजारांच्या आत होणार नाही. मागं कांदा, वर व्यापाऱ्याचे फोन. मी जवळजवळ हो म्हणालोच होतो.

मग आपले अक्कलकोट रोडचे म्हातारे मिस्त्री मामा आठवले. आले ते लुनावर, नट खोलायचे दोन पाने आणि एक फडकं घेऊन. गाडीला हात लावायच्या आधीच विचारलं, "टाकीत डिझेल किती आहे? टाकी फुल असली की सकाळी सुरू होते का?" मी चाटच पडलो. खरंच की बे! टाकी भरलेली असली की तक्रार नसायची, पाव टाकीवर आली की सकाळी रडगाणं.

मग म्हणाले, "सेल्फ मार, मी सायलेन्सर बघतो." धुराचा मागमूस नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत पोचतंय पण जळत नाही, असं समजायचं. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. गाडी बंद करायची स्टॉपची केबल अडकलेली नाही ना, तेही पाहिलं. बरेचजण तिथंच फसतात म्हणे.

डिझेल फिल्टरवरचा एअर, म्हणजे अडकलेली हवा, काढायचा स्क्रू ढिला करून त्यांनी तिथला डिझेलचा हातपंप मारला. आधी नुसता फेस, साबणाच्या पाण्यासारखा. बऱ्याच वेळानं सलग धार आली. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली, गाडी लगेच सुरू. मी खिशात हात घातला, तर मामा म्हणाले, "पैसे ठेव. एअर काढली, पण आत शिरली कुठनं ते कुठं कळलंय?"

मी खाली वाकून ओल शोधत होतो. सगळं कोरडं ठणठणीत. इथंच तर सगळी गोम आहे. टाकीतलं डिझेल ओढून पुढं ढकलतो तो फीड पंप. त्याच्या पुढं डिझेल दाबानं जातं, तिथं फट पडली की थेंब बाहेर येतो. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथली फट थेंब टाकत नाही, हवा पिते. चालू गाडीत तेवढी हवा टाकीकडं परत जाणाऱ्या रिटर्न पाईपनं निघून जाते, कळतही नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते आणि पाईपातलं डिझेल मागं टाकीत उतरतं. टाकी फुल असेल तर पातळी वरच असते, फारसं उतरत नाही.

मामांनी पाच लिटरचा कॅन केबिनवर ठेवला, नळी थेट फीड पंपाला. टाकी बाजूलाच. गाडी बंद करून तीन तास यार्डातच थांबलो. मी जीव मुठीत धरून किल्ली फिरवली, अर्ध्या सेल्फमध्ये उचलली. म्हणजे मोठा पंप निर्दोष, चोर टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये. पाईप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर बदलले (जुना वायसर परत बसवणं ही आपली सगळ्यांची खोड), क्लिपा आवळल्या. शेवटी चेसिसला घासणारा रबरी पाईप त्यांनी हातात घेऊन वाकवला. सरळ असताना नवा वाटणारा पाईप वाकवल्यावर उन्हानं फाटलेल्या रानासारखा भेगाळलेला! हातभर पाईप आणि दोन क्लिपांत काम झालं.

तुझ्या जुन्या गाडीला हेच कर. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नकोस, मध्ये दोन मिनिटं थांब. गाडी सुरू करायला इंजिनात मारतात तो स्टार्टचा स्प्रे तर अजिबात नको. पण तुझ्या नव्या कॉमन रेल (सगळ्या नोजलना एकाच नळीतून जबर दाबानं डिझेल देणाऱ्या) गाडीच्या नोजलच्या पाईपांना पाना लावशील तर माझ्याशी गाठ आहे. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, धार कातडीत घुसते. गळती बघायची तर पुठ्ठा धर, बोट नाही.

कांदा एक दिवस उशिरा पोचला, व्यापाऱ्यानं भाव पाडलाच. असो. गड्ड्याच्या जत्रेला येतोयस ना? तो पाईपचा तुकडा केबिनमध्येच ठेवलाय. वाकवल्याशिवाय तुलाही भेग दिसणार नाही, पैज लाव. वहिनींना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देतो.

तुझा,
शिवा