कळसूबाईच्या सूर्योदयासाठी बाराला निघू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडली की शनिवारी रात्री बारी गावात गाड्या लागतात आणि बारा-साडेबाराच्या सुमारास माणसं कळसूबाई चढू लागतात. सूर्योदयासाठी इतक्या लवकर निघायची गरज नसते, आणि पुढचे बरेचसे त्रास या घाईतूनच उभे राहतात. गट नेणाऱ्या आयोजकांनी एवढं तरी मनावर घ्यावं, म्हणून हे पत्र.

वेळेचा हिशेब माथ्यावरून खाली करत यायचा. जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य सात-दहाच्या आसपास उगवतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्या साधारण अर्धा तास आधी. शिखर १६४६ मीटर उंच आणि पूर्वेचा मुलूख बराच खाली, त्यामुळे हवा स्वच्छ असेल तर छापील वेळेच्या तीन-चार मिनिटं आधीच सूर्याची कड दिसते. मात्र आभाळ रंगतं ते त्याच्याही अर्धा-पाऊण तास आधी. म्हणून जानेवारीत साडेसहाला माथ्यावर असावं. नवखे-जुने मिळून असलेल्या गटाला अंधारात साडेतीन तास लागतात. म्हणजे बारीतून पहाटे तीनला निघायचं.

बाराला निघालेले साडेतीनलाच वर पोहोचतात. माथ्यावर देवीचं लहानसं मंदिर, बाकी सगळं उघडं. वारा अडवायला जवळजवळ काही नाही. चढताना सुती टी-शर्ट घामाने भिजलेला असतो, तो वाऱ्यात अंगाला चिकटतो आणि दहा-पंधरा मिनिटांत दात वाजायला लागतात. जाड जॅकेट त्याच ओल्या कपड्यावर चढवून फारसा उपयोग होत नाही. आधी कोरडा टी-शर्ट, मग लोकर किंवा फ्लीस, त्यावर विंडचीटर आणि कानटोपी. जॅकेट घालून चढू तर मुळीच नये. थंडी सोसेना की कुणीतरी काटक्या पेटवतं. हा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि त्या दिवसांत गवत वाळलेलं असतं. एक ठिणगी उतारभर पसरू शकते.

लोखंडी शिड्यांचा वेळ वेगळा धरावा. एका वेळी एकच माणूस, आणि प्रत्येकाला एक मिनिट धरलं तरी चाळीस जणांना चाळीस मिनिटं लागतात. पहिल्या शिडीला रांग लागली की पुढे माणसं आपोआप सुटी होऊन येतात, म्हणून हा वेळ एकदाच मोजायचा. पण चाळीसचे चार गट एकदमच आले तर मागचे शिडीखाली ताटकळतात, घाम थंड होतो, पाय आखडतात आणि मग घाईत पाय चुकतो. आयोजकांनी गट वीसचा ठेवावा आणि दोन गटांत अर्ध्या तासाचं अंतर सोडावं. सावकाश चालणारा पुढे, वाट माहीत असलेला एक जण सर्वांत मागे.

मोबाइलचा उजेड इथे कामाचा नाही. शिडीला दोन्ही हात लागतात, म्हणून विजेरी कपाळावरच हवी, सोबत सेलचा एक जादा जोड. दव पडलं की लोखंड निसरडं होतं. पायरीवर टाच न टेकता चवड्यामागचा भाग टेकवावा. पाणी माणशी अडीच-तीन लिटर. पहाटे तहान जाणवत नाही म्हणून लोक एकच बाटली घेतात आणि उतरताना उन्हात अडचणीत येतात.

उतरण्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण घसरणं जास्त तिथेच होतं. सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावर झोप न झालेले पाय लटपटतात. पावलं आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, बोटांजवळ झिजलेले बूट घालून येऊच नये. शिडी उतरताना तोंड शिडीकडेच हवं. समोरून देवीला निघालेले गावकरी आले तर आधी त्यांना वर येऊ द्यावं.

आणि रात्री गावातून जाताना स्पीकर बंद ठेवावा. बारीतल्या माणसांना सकाळी शेतावर जायचं असतं.

आपला,
एक डोंगरभटक्या वाचक, घोटी