मोजायचे कुठून, ते आधी ठरवा

महोदय,

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात गाठ स्नायूच्या भिंतीत निम्म्याहून कमी शिरली की जास्त, यावर टप्पा आणि बऱ्याचदा रेडिएशनचा निर्णय अवलंबून असतो. 16 मिमी भिंतीत 7 मिमी आणि 9 मिमी यांत फरक फक्त दोन मिलिमीटरचा, पण टप्पा वेगळा. दोन पॅथॉलॉजिस्टांची मोजमापे जुळत नाहीत ती बहुधा सुरुवातीच्या बिंदूमुळे. मोजायचे अस्तर आणि स्नायू यांच्या सीमेपासून. गाठीच्या पृष्ठभागापासून मोजले, तर नुसती पोकळीत वाढलेली गाठही खोल गेल्यासारखी वाटते. ही सीमा मुळातच वेडीवाकडी असते. ॲडेनोमायोसिसच्या (कर्करोग नसतानाही अस्तराच्या ग्रंथी स्नायूत असणे) ग्रंथींत पसरलेली गाठ म्हणजे स्नायूवरचे आक्रमण नव्हे, आणि रक्तवाहिनीतल्या कर्करोगाच्या पेशी खोली मोजताना धरायच्या नसतात.

मालेगाव, सटाण्याहून नाशिकला शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाचा नमुना पाठवताना तो लहान डबीत कोंबू नये. नमुन्याच्या आकारमानाच्या किमान दहापट 10 टक्के फॉर्मलिन (नमुना टिकवणारे द्रावण) हवे. न उघडलेल्या गर्भाशयात ते आतपर्यंत पोचत नाही, अस्तर कुजते, सीमाच पुसली जाते. म्हणून नमुना त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवावा.

रिपोर्टात नुसते ‘निम्म्याहून कमी’ नको. खोली आणि भिंतीची जाडी, दोन्ही मिमीत लिहावीत.

– दोन पॅथॉलॉजिस्ट, नाशिक