मेंटल हेल्थ नर्सिंगच्या अभ्यासाविषयी आई-बाबांना

विश्रांतवाडी, पुणे

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, बाबांनी परवा फोनवर विचारलेल्या प्रश्नाला मी जे तुटक उत्तर दिले त्याने त्यांचे समाधान झाले नसणार, आणि आईने मध्येच जेवणाची चौकशी केल्यामुळे तो विषय तिथेच राहिला. बाबांचे म्हणणे असे, की बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे झाली, आयसीयूत हात तयार झाला, मग ती नोकरी सोडून मेंटल हेल्थ नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करण्याइतके त्यात शिकायचे काय असते. वेळेवर गोळ्या द्यायच्या आणि दंगा झाला तर दार लावून घ्यायचे, हे वॉर्डातला कोणीही करील. उभी हयात मुलांना गणित शिकवलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न रास्तच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात आयसीयूपासूनच करावी लागेल. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशक प्यायलेले रुग्ण आमच्याकडे येत. ॲट्रोपिन हे विषावरचे उतारा-औषध सुरू करायचे, डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी आणि छातीतला स्राव पाहत डोस कमी-जास्त करायचा, श्वास पुरेसा नसेल तर व्हेंटिलेटर लावायचा, आणि अशा एका माणसासाठी तिन्ही पाळ्यांच्या सिस्टरांनी झटायचे. तो वाचला की डिस्चार्ज कार्डावर औषधे आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून आम्ही त्याला त्याच घरी, त्याच कर्जाकडे किंवा त्याच भांडणाकडे परत पाठवत असू. त्याने ते का प्यायले हे विचारण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम ११५ सांगते, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होता असेच धरावे आणि त्याच्यावर खटला चालवू नये. शिवाय असा प्रयत्न पुन्हा होऊ नये म्हणून त्याला उपचार आणि पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. कायद्याने हे म्हटले तरी त्या माणसाच्या खाटेपाशी बसून नेमके काय विचारायचे आणि त्याने तोंड फिरवले तर पुढे काय करायचे, हे कोणाला तरी यावे लागते. ते शिकण्यासाठी मी इथे आले आहे.

हे शिकवतात कसे, ते सांगते. अभ्यासक्रम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आहे. संशोधन, संख्याशास्त्र, व्यवस्थापन, प्रबंध हे सगळे त्यात आहे आणि संख्याशास्त्र बाबांनाही आवडेल. पण माझ्या मते सगळ्यांत अवघड भाग म्हणजे संवादाची नोंद. रुग्णाशी काही वेळ बोलायचे, त्याच्यासमोर वही उघडायची नाही, आणि बाहेर आल्याबरोबर आठवेल तितके शब्दशः लिहून काढायचे: एका रकान्यात तो काय म्हणाला, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात त्या वेळी त्याचे डोळे आणि हात काय करत होते, आणि शेवटच्या रकान्यात, मी ते वाक्य का उच्चारले. मग मॅडम लाल शाई घेऊन बसतात. सगळ्यांच्या वहीत पहिली लाल रेघ एकाच वाक्याखाली येते: "काळजी करू नका, सगळे ठीक होईल." आपल्याकडे धीर द्यायचा म्हणजे आधी हेच तोंडात येते, पण खचलेल्या माणसाला त्यातून एवढेच कळते की त्याचे पुढचे ऐकायला ही तयार नाही, आणि तो बोलायचा थांबतो. त्याऐवजी "तुम्ही आत्ता म्हणालात की रात्री फार जड जाते. त्याबद्दल अजून सांगाल का?" एवढे म्हणून गप्प बसायचे असते, आणि ते गप्प बसणे महिनोन्‌महिने सरावाशिवाय जमत नाही. ज्याला कानात आवाज ऐकू येतात त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि होकारही भरायचा नाही. आपल्याला तो आवाज ऐकू येत नाही, पण त्याला येतो आहे आणि त्याची भीती वाटते आहे, हे साध्या शब्दांत सांगायचे. मग तो आवाज काय करायला सांगतो आहे हे विचारायचे, कारण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम येत असेल तर त्या पाळीची सगळी व्यवस्थाच बदलावी लागते.

हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ मध्ये मांडले, की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हाच उपचाराचा भाग असतो. आमचा बराचसा अभ्यास तिथून निघतो. मात्र गोड बोलता आले म्हणजे झाले, असे कोणी समजू नये. नैराश्याच्या रुग्णाला औषध लागू पडायला काही आठवडे जातात, आणि पुष्कळदा अंगात जोर आधी येतो, मनातला अंधार नंतर हटतो. म्हणून नातेवाईक "आता बरे दिसते आहे" म्हणून निःश्वास टाकतात तेव्हा सिस्टरला अधिक सावध राहावे लागते. अशा रुग्णाकडे फेरी ठरलेल्या घड्याळी वेळेला मारायची नसते, कारण वेळ ठरलेली असली की ती त्यालाही पाठ होते. गोळी दिल्यावर पाणी प्यायला लावून चार शब्द बोलायचे, म्हणजे ती गालात धरून ठेवली आहे का ते उगाच तोंड उघडायला न लावताही समजते. (ही माझी आवडती युक्ती आहे.)

औषधांचे तर वेगळेच शास्त्र आहे. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध सुरू केले की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवर देतात त्या लिथियमची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर इतके थोडे असते, की अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले तरी रक्तातली पातळी चढते. हाताचा कंप वाढतो, उलट्या-जुलाब होतात, तोल जाऊ लागतो. दरवर्षी माउलींची पालखी फलटणला मुक्कामी येते तेव्हा त्या गर्दीत लिथियम घेणारा एखादा वारकरी असणारच. निर्जळी एकादशी करू नको, चालताना पाणी पीत राहा, जेवणातले मीठ अचानक सोडू नको, हे निघण्याआधी कोणी तरी त्याला समजेल अशा शब्दांत सांगायला हवे, आणि ते काम परिचारिकेचे आहे.

विजेच्या उपचाराविषयी आईने सिनेमात जे पाहिले आहे ते आता कायद्याने बंद आहे. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो करताच येत नाही. रुग्णाला उपाशी ठेवणे, कवळी काढून ठेवणे, लघवीला नेऊन आणणे, नंतर कुशीवर वळवून श्वासावर लक्ष ठेवणे हे आमचे काम. जागा झाल्यावर काही वेळ त्याला काही सुधरत नाही. तेव्हा त्याचे नाव घेऊन, आपण पुण्यात आहोत, आज मंगळवार आहे, थोड्या वेळाने चहा मिळेल, असे हळू आवाजात पुन्हापुन्हा सांगत राहायचे.

आई, तुला मार बसण्याची भीती वाटते. कधीच काही होत नाही असे मी म्हणणार नाही, परंतु आक्रमक रुग्णांपेक्षा कोपऱ्यात गप्प बसून राहणारे फार अधिक असतात. येरझाऱ्या, आवळलेल्या मुठी, वाढता आवाज ही लक्षणे आधी दिसतात. तेव्हा हातभर नव्हे, चांगले दोन हात अंतर ठेवायचे, दाराची वाट मोकळी ठेवायची, हात उघडे दिसू द्यायचे आणि एकटीने पुढे व्हायचे नाही. वॉर्डात ओढणी आणि गळ्यातले घालत नाही. रुग्णाला एकांतात कोंडण्यास आणि साखळीने बांधण्यास कायद्याने मनाई आहे, तेव्हा बाबांच्या "दार लावून घ्यायचे" यालाही आता जागा उरलेली नाही.

येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेरून आपण लहानपणी एसटीतून किती तरी वेळा गेलो असू. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र त्याच आवारात सुरू केले, हे बाबांना ठाऊक असेल. व्यसन हाही आमच्या अभ्यासाचा विषय आहे.

नोकरीचे म्हणाल तर कॉलेजात शिकवता येते, मनोरुग्णालये आहेत, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात परिचारिकेचे पद असते. पगार आयसीयूइतका लगेच मिळणार नाही. "वेड्यांची नर्स" म्हणून जे स्थळ नाकारेल ते मला परस्पर टळलेले बरे.

आता एक काम सांगते, आणि ते बाबांकडेच आहे. आपल्या आळीत माडीवरच्या खोलीत जो मुलगा वर्षानुवर्षे आतच बसून असतो, त्याची आई अडीअडचणीला तुमचा सल्ला घ्यायला येते. नाव मी लिहीत नाही; आजाराची गोष्ट गुप्त ठेवणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि ती सवय मी घरच्या पत्रापासूनच लावून घेते. त्यांना एवढेच सांगा, की १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोन-सेवेचा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्री केव्हाही लावता येतो आणि मराठीत बोलता येते, आणि जिल्हा रुग्णालयात दाखवल्यास औषधेही मिळू शकतील. देवऋष्याकडे जाऊ नका असे पहिल्याच भेटीत म्हणू नका. त्यावरून त्या उठून जातील. जायचे तर जा, पण डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. मुलगा झोपतो केव्हा, जेवतो का, एकटाच बोलतो का, हे त्या सांगतील तसे कागदावर टिपून ठेवलेत तर डॉक्टरांना पहिल्या दिवशी फार उपयोग होईल, आणि तुमचे अक्षर त्यांना वाचता येईल, हेही काही कमी नाही.

कळावे.

तुमची लेक,
सई